बिब्बा, पान, बदाम, घुंगरू

सासऱ्यांनी मला पत्ते खेळायला शिकवलं, ही गोष्ट मी माहेरी कित्येक वर्षं लपवली. माझे वडील आर्णीला शाळेत शिपाई होते. पत्ते म्हणजे चावडीवर मेंढीकोट कुटत बसणाऱ्या रिकामटेकड्या पुरुषांचं काम, असं त्यांचं ठाम मत. सून सासऱ्यासमोर पत्ते धरून बसते, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर मला परत न्यायला ते बंडी जुंपून आले असते. पण त्या वर्षी आमच्या घरात जे घडलं, त्यानंतर हा खेळ नसता तर आम्ही तिघं एका छपराखाली कसे राहिलो असतो, ते मला आजही सांगता येत नाही.

आमच्या समाजानं धर्म बदलला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मी अठरा वर्षांची होते, सातवी पास. सासरचं गाव पांढरकवड्याहून दोन कोसांवर, नागपूर-हैदराबादच्या सडकेला लागून. घरात तिघंच माणसं. सासरे फौजेत ड्रायव्हर होते. मोठ्या लढाईत आफ्रिकेत पकडले गेले आणि पुढची दोन-अडीच वर्षं त्यांनी जर्मनीत कैदेत काढली. परत आल्यावर त्यांनी सडकेच्या कडेला कुडाची एक टपरी घातली. तिथे ते ट्रकची पंक्चर काढत, स्प्रिंगचे पाटे बदलत. सासूबाईंना तीन मुलं झाली. थोरली दोन देवीच्या साथीत एकाच आठवड्यात गेली. तिसरा माझा नवरा. तो मॅट्रिक होऊन गावच्या शाळेत मास्तर झाला होता आणि दीक्षेच्या वेळी नागपूरला सगळ्यांना घेऊन जाणाऱ्यांत तो पुढे होता.

माझं नवऱ्याशी जमलं होतं. संध्याकाळी तो मला पंचशील म्हणायला शिकवी, वर्तमानपत्र वाचायला लावी. त्याला आवडेल असं काही बोलावं, त्याला हसवावं, एवढीच माझी तेव्हाची धडपड. त्यातूनच सगळं झालं.

दिवाळीनंतरचे दिवस होते. नवी ज्वारी यायची होती आणि जुनी कणगीच्या तळाला लागली होती. मी वाकून तळातली ज्वारी सुपात ओढत होते, तेव्हा हाताला एक पुरचुंडी लागली. सोडून पाहिली तर आत रुपयाएवढा चांदीचा टाक. मातामायचा, जिच्या कोपानं देवीचा रोग येतो असं मानत तिचा. हळदीनं पिवळा झालेला, हात फिरवून फिरवून चेहरा पुसट झालेला. दीक्षेहून आल्यावर आमच्या वस्तीतल्या सगळ्या घरांनी देव नदीत सोडले होते. आमच्या घरचे माझ्या नवऱ्यानं स्वतः टोपल्यात घालून नेले होते. हा एक मागे राहिला होता, म्हणजे कुणीतरी ठेवला होता. मी तो होता तसा बांधून जागेवर ठेवला.

सांजेला तो शाळेतून आला. मी अंगणात पाणी दिलं आणि हसत हसत हळूच म्हटलं, "तुमच्या घरातली एक जन दीक्षा घ्याची राहूनच गेली. कणगीत लपून बसली हाये."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्यानं आत जाऊन कणगीत हात घातला, पुरचुंडी काढली आणि चुलीपुढे भाकरी थापत असलेल्या सासूबाईंसमोर धरली.

"माय, हे काय हाये?"

त्यांचे हात पिठानं भरलेले होते. "ठेव ते. तू हात नोको लावू."

"सगळ्या वस्तीनं सोडलं, अन् मास्तरच्या घरात मातामाय? लोक काय म्हनतीन मले?"

"तुह्यासाठीच ठेवलं बापू," त्या म्हणाल्या. "दोन लेकरं नेले तिनं. मी नवस बोलली म्हून तुले सोडलं. मी कशी टाकू तिले पान्यात?"

तेवढ्यात सासरे टपरीवरून आले. नवऱ्यानं त्यांना विचारलं, "बाबा, तुमाले ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

"मंग नागपूरले कायले गेलते? भाषन आयकाले?"

सासऱ्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. तेवीस वर्षांच्या मास्तर मुलाच्या, सुनेदेखत. त्या घरात त्याआधी कुणी कुणावर हात उचलला नव्हता, असं सासूबाई मला पुढे सांगत. टाक मुठीत घेऊन नवरा नदीकडे गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. सकाळी त्यानं पत्र्याची पेटी भरली, सडकेवर जाऊन वणीकडे वळणारा ट्रक थांबवला. "पत्र टाकतो," एवढंच मला म्हणाला. टाकाचं त्याला कुणी सांगितलं, हे ना त्यानं सांगितलं, ना मी.

सासूबाईंनी ते आपल्या मनाशी ठरवून टाकलं. शेजारच्या घरातली बाई त्यांची जिवाची मैत्रीण. दोघी एकाच गावच्या, एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलेल्या. टाक कुठे आहे हे घराबाहेर त्या एकटीला ठाऊक होतं. चार दिवसांनी विहिरीवर सासूबाईंनी तिला सगळ्या बायांदेखत गाठलं.

"माह्या लेकाले घराबाहेर काढून तुले काय भेटलं व?"

"मी? मी कायले सांगू? माही आन घे."

"आन कोनाची घेतं आता? देव त सगळे बुडवले तुमीनं."

मी दोराला धरून उभी होते. बादली पाण्याला लागली होती. मी ती वर ओढली, घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घरी आले. एक शब्द बोलले नाही. आज वाटतं, त्या वेळी तोंड उघडलं असतं तर निम्मं दुःख तिथेच सरलं असतं. पण नवरा निघून गेलेला, मी त्या घरात सहा महिन्यांची; सासूबाईंनी मलाही दाराबाहेर काढलं असतं तर मी कुठे जाणार होते?

नंतर घर मुकं झालं. सासूबाई सासऱ्यांशी बोलेनात, कारण त्यांनी मुलाला मारलं. सासरे कुणाशीच बोलेनात. मी बोलायला घाबरत होते. पत्र येईना. भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज ऐकू येई, इतकी शांतता. पौष संपेपर्यंत हे असंच चाललं.

एका दुपारी सासरे टपरीवरून लवकर आले. त्यांनी फौजेची ट्रंक उघडली, तळातून एक डबी काढली आणि ओसरीवर घोंगडं पसरलं. "या इकडं दोघीबी," ते म्हणाले. "हा खेळ दोघात होत नाही, अन् एकट्यात त होतच नाही. तीनच मानसं लागतेत. तीन हाओत आपन."

सासूबाई उठल्या नाहीत. मी गेले. डबीतले पत्ते मी कधी पाहिले नव्हते असे. बारीक, लांबट, कडा काळ्या झालेल्या. त्यांवर इस्पिक, किलवर, चौकट काही नव्हतं. एका रंगावर टोपी घातलेलं कसलं तरी फळ होतं.

"हे त्या मुलखातल्या झाडाचं फळ," सासरे म्हणाले. "मी त्याले बिब्बा म्हनतो. हे पान. हा बदाम, आपल्यासारखाच. अन् हे घुंगरू."

बिब्बा, पान, बदाम, घुंगरू. एका रंगाचे आठ पत्ते, एकूण बत्तीस. सत्तीच्या खालचं काही नाही. मी चित्रं पाहत होते. एक राजा, आणि त्याच्या खाली दोन शिपाई. एकाच्या चित्रात रंगाची खूण वर, दुसऱ्याच्या चित्रात खाली.

"राणी कुठं हाये?" मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या दाराशी येऊन उभ्या होत्या.

"राणी नाही यात. वरचा शिपाई अन् खालचा शिपाई."

"बाईच नाही, त यायचं घर कोन चालवते?" त्या म्हणाल्या. सासऱ्यांशी दोन महिन्यांत बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य. मग त्या येऊन घोंगड्याच्या कोपऱ्यावर बसल्या.

सासऱ्यांनी शिकवलं ते असं. वाटणाऱ्यानं आधी तीन-तीन पत्ते द्यायचे, मग दोन पत्ते मधे पालथे टाकायचे, मग चार-चार, मग पुन्हा तीन-तीन. प्रत्येकाच्या हातात दहा. आता बोली. ज्याला वाटतं आपला हात भारी आहे, तो आकडा बोलतो. अठरापासून सुरुवात. दुसरा 'हो' म्हणतो किंवा 'पास'. हो म्हटलं की पहिल्यानं आकडा चढवायचा, वीस, बावीस, तेवीस, चोवीस, असं एक जण गप्प होईपर्यंत. उरलेल्याशी मग तिसरा बोलतो. ज्याची बोली टिकते तो एकटा, आणि बाकीचे दोघं मिळून त्याच्याविरुद्ध. मधले दोन पत्ते तो एकटा उचलतो, आपल्याकडचे नको ते दोन पालथे ठेवतो आणि हुकूम कोणता ते सांगतो.

"अन् पुढच्या डावाले?" मी विचारलं.

"पुढच्या डावाले पुन्हा बोली. आता तुह्या इरोधात हाये तो मंग तुह्या बाजूनं."

हुकमाची गंमत अशी, की खालचे चारही शिपाई कोणत्याही रंगाचे असोत, कायम हुकूमच. त्यात बिब्ब्याचा सगळ्यांत वर, मग पानाचा, बदामाचा, घुंगराचा. त्यांच्याखाली हुकमाचा एक्का, दश्शी, राजा, वरचा शिपाई, आणि मग नव्वी, अठ्ठी, सत्ती. दश्शी राजाच्या वर, हे मला बरेच दिवस लक्षात राहत नव्हतं.

"पाय," सासरे बिब्ब्याचा शिपाई बोटात धरून म्हणाले, "हा सगळ्यात खालचा. राजा, एक्का, कोनीच याच्या वर नाही. मले त्या मुलखात हे लय आवडलं."

उतारी ज्या रंगाची, तो रंग हातात असेल तर तोच टाकायचा. नसेल तर हुकमानं मारा किंवा काहीही फेका. शेवटी हात किती आले ते मोजायचं नाही, घेतलेल्या पत्त्यांतले गुण मोजायचे. एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, राजाचे चार, वरच्या शिपायाचे तीन, खालच्याचे दोन. नव्वी, अठ्ठी, सत्तीला काही नाही. सगळे मिळून एकशेवीस. एकट्याला एकसष्ट करावे लागतात. साठ झाले तरी तो हरला.

बोली कितीपर्यंत चढवायची याचाही हिशेब होता. घुंगराला नऊ, बदामाला दहा, पानाला अकरा, बिब्ब्याला बारा. वरून किती शिपाई हातात सलग आहेत, त्यांत एक मिळवायचा आणि गुणायचं. मी पाटीवर मांडून काढायची. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या बोटांच्या पेरांवर, विसाविसानं मोजत, आणि माझी पाटी व्हायच्या आत त्यांचा आकडा तयार असे.

मग आम्ही रोज दुपारी खेळू लागलो. बाराच्या उन्हात ट्रक झाडाखाली थांबलेले असत, टपरीवर काम नसे. बोली लावायला तोंड उघडावंच लागे. आधी नुसते आकडे, हो, पास. मग, "काहून टाकला तो राजा?" मग थोडं इकडचं तिकडचं. सासरे एकटे खेळत असले की आम्ही दोघी एका बाजूला. सासूबाईंचा हात आला की मी त्यावर माझी दश्शी टाकायची, म्हणजे गुण आमच्या ढिगात जमा. मी चुकले की त्या डोळे वटारत. आपल्या नवऱ्याविरुद्ध जिंकल्या की पदर तोंडाला लावून हसत.

त्यांना सगळ्यांत आवडायचा तो शून्याचा डाव. त्यात हुकूम नाही. एकटं खेळणाऱ्यानं एकही हात घ्यायचा नाही. एक जरी हात अंगावर आला तरी हरला. सासऱ्यांना तो कधी जमला नाही. सासूबाई मात्र सत्त्या-अठ्ठ्या धरून अशा काही खाली खाली सरकत जात, की दहा पत्ते संपायचे आणि त्यांच्यापुढे काहीच नसायचं.

मी त्या दुपारींची वाट पाहायची. पण सासूबाई माझ्याशी मोकळेपणानं बोलत होत्या, मला आपली समजत होत्या, आणि शेजारणीच्या दाराकडे पाहत नव्हत्या. ती अंगणात आली की त्या तोंड फिरवून घरात येत. शेजारीण वाळली होती. एकदा तिनं मला कुडापाशी थांबवून हळूच विचारलं, "तुले त ठाऊक असन, बाई. कोनं सांगतलं पोराले?" मी म्हटलं, "मले काय माहीत." माझ्या आयुष्यात मी बोललेलं सर्वांत वाईट खोटं ते.

चैत्रात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. वस्तीतल्या बाया निवडण-टिपण करायला जाऊ लागल्या. आमच्या घरातून कुणी नाही. एका दुपारी बोली माझी टिकली होती. बदामाचा हुकूम, मी एकटी. शेवटचा हात पडला, मी माझ्या ढिगातले गुण मोजत होते, आणि सासूबाई त्यांच्या बाजूच्या ढिगातले पत्ते गोळा करत सहज म्हणाल्या, "लग्नाले आपल्या घरचं कोनी जानार नाही. लेकीचं लग्न करते म्हना, माह्या लेकाले हाकलून."

मी मोजायची थांबले. "आत्याबाई," मी म्हटलं, "तिनं नाही सांगतलं. मीनं सांगतलं."

सासऱ्यांचा हात जागच्या जागी थांबला. मी बोलत राहिले. कणगी, सूप, माझी ती थट्टा, सगळं. थट्टेचे शब्द पुन्हा उच्चारताना मला माझाच राग येत होता. सासूबाईंनी ऐकून घेतलं. गोळा केलेले पत्ते त्यांनी ठोकून सारखे केले, घोंगड्यावर पालथे ठेवले, आणि त्या उठून आत गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं अन्न सोडलं. माझा स्वयंपाक झाल्यावर त्या चुलीशी बसत, स्वतःपुरती एक भाकरी टाकत. मला काही बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी त्या शेजारच्या अंगणात गेल्या. मी आमच्या दारातून पाहत होते. शेजारीण तांदूळ पाखडत होती. सासूबाई तिच्यासमोर उभ्या राहून काहीतरी बोलल्या, बराच वेळ. तिनं मान वर केली नाही, सूपही थांबवलं नाही. मग सासूबाई तिथेच खाली बसल्या, बाजूचं दुसरं सूप ओढलं आणि पाखडू लागल्या. लग्नाला त्या गेल्या, तीन दिवस राबल्या. पण त्या दोघींचं बोलणं मरेपर्यंत पहिल्यासारखं झालं नाही. एकमेकींच्या घरी वाटी जायची, निरोप जायचा. विहिरीवर बसून हसणं मात्र संपलं ते संपलंच.

खेळ बंद पडला. मी टपरीवर सासऱ्यांची भाकरी घेऊन जायची. एक दिवस ते टायर बाजूला ठेवून म्हणाले, "बस जरा." मी बसले.

"हे पत्ते मले कोनं शिकवले, सांगतलं का तुले? तिथं लाकडाच्या डेपोत कामाले नेत आमाले. पहाऱ्यावर एक म्हातारा शिपाई होता, लंगडा. त्याले खेळाले तीन मानसं पायजे. मी अन् एक गढवाली पोरगा, असे आमी दोघं त्याले भेटलो. भाषा कोनाले येते? बोटानंच शिकवलं त्यानं. एक दिवस सकाळी ओंडका माह्या हातून सुटला. त्यानं बंदुकीचा दस्ता पाठीत हानला. असा, की मी तोंडावर पडलो. अन् दुपारी जेवनाच्या सुट्टीत त्यानं पत्ते वाटले. माह्यासमोर दहा ठेवले."

"मंग?"

"उचलले मी." त्यांनी टायर पुन्हा जवळ ओढलं. "माह्यासंगचा गढवाली थुकला माह्या नावानं. तरी मी उचलले. भेव होतं म्हनून, का खेळाची आस होती म्हनून, का त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहून, मले अजून समजलं नाही. सुटका झाली तवा त्यानंच हे पत्ते देल्ले." मग ते उठले. "पोराले मीनं हानली ते चुकलंच. पन तो पत्ते उचलनारा नाही. तो गढवाल्यावानी हाये."

त्यांनी ही गोष्ट मला धीर द्यायला सांगितली, की स्वतःचं ओझं उतरवायला, ते मी ठरवू शकले नाही. मला धीर आला नाही, एवढं खरं.

वैशाखात पोस्टमननं कार्ड आणलं. अक्षर नवऱ्याचं नव्हतं. चांद्याच्या एका लाकूड कारखान्यातल्या कारकुनानं लिहिलं होतं: तुमच्या मुलाचा हात करवतीत सापडला, दवाखान्यात आहे, कुणीतरी यावं. सासरे हिवतापानं अंथरुणाला खिळलेले. मी कार्ड मोठ्यानं वाचलं. सासूबाईंनी ते माझ्या हातून घेतलं, उलटसुलट पाहिलं, जणू मी न वाचलेलं काही त्यात असेल. मग म्हणाल्या, "लुगडं घे. चाल." सासऱ्यांपाशी कोण बसणार, हा प्रश्न होता. शेजारीण न बोलावता आली, त्यांच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "जा तुमी."

मारेगाव, वणी, तिथून पुढची गाडी. दिवसभराचा प्रवास. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, ओठ हलत होते. काय पुटपुटत होत्या, कळत नव्हतं. वणीच्या स्टँडवर मी पाण्याचा लोटा पुढे केला. त्यांनी तो घेतला. दीड महिन्यानं माझ्या हातचं काहीतरी घेतलं.

दवाखान्यात तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. अंगठा आणि पहिलं बोट राहिलं होतं, बाकीची तीन गेली होती. सासूबाईंनी पुरचुंडी सोडली, भाकरी दुधात कुस्करली आणि लहान पोराला भरवतात तशी त्याला भरवू लागल्या. चार घास झाल्यावर तो रडायला लागला.

"माय, तुले वाटत असन, मातामायनं केलं हे."

सासूबाईंनी त्याचं तोंड पदरानं पुसलं.

"करवतीनं केलं बापू," त्या म्हणाल्या. "करवतच व्हती नं ते? मंग."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "त्याले तसं सांगतलं मीनं. माह्या मनात काय हाये, ते मले कधी इचारू नोको." मी कधी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही त्याला घरी आणलं. सासरे तापातून उठले होते, अंगणात उभे होते. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. मारल्याबद्दल बाप काही म्हणाला नाही, बोलल्याबद्दल मुलगा काही म्हणाला नाही. सासऱ्यांनी त्याच्या डाव्या हातातली पेटी घेतली, एवढंच. शाळेतली जागा गेली होती. त्यानं डाव्या हातानं लिहायला शिकायला घेतलं. वर्षभर पाट्यांमागून पाट्या भरल्या, चिडून फोडल्या, पुन्हा भरल्या. मग मारेगावकडच्या एका शाळेत त्याला पुन्हा मास्तरकी मिळाली, तोवर आम्ही ज्वारी कापायला, कापूस वेचायला जात होतो.

त्या वर्षभरात खेळ पुन्हा सुरू झाला. सासऱ्यांनीच घोंगडं पसरलं. चार माणसं असली तर वाटणारा त्या डावापुरता बाहेर बसतो, असा नियम आहे. नवऱ्यानं पहिले काही दिवस पत्ते घेतले नाहीत. दीक्षा घेतलेल्या घरात पत्ते कशाला, असं तो म्हणे. मग एकदा बसला. दोन बोटांत दहा पत्ते राहत नव्हते. मग वाटायचं काम सासूबाईंनी कायमचं घेतलं; वाटून झालं की त्या त्याच्या मागे बसून त्याचे पत्ते धरायच्या, तो डाव्या हातानं टाकायचा. तो बरा खेळत असे, पण बापाची बोली कितीही चढली तरी 'पास' म्हणत नसे. तिघांपैकी ते दोघं एका बाजूला आले की मात्र एकमेकांच्या हातावर दश्शी टाकायला दोघंही कचरत. मला ते दिसायचं. सासूबाईंनाही दिसत असावं.

नवरा घरी आला, त्यानंतर तिसऱ्या वर्षी सासरे गेले. टपरीत टायर काढता काढता बसले, ते उठलेच नाहीत. नवरा तेव्हा शाळेत होता, पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बापाशी बोलायचं राहून गेलं, हे तो नंतर कितीदा तरी म्हणाला. काय बोलायचं राहिलं, ते कधी म्हणाला नाही. त्यानंतर आमच्या घरात कुणी तो खेळ काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीत देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, सरकारी माणूस आला. माझी मुलगी आठ महिन्यांची होती. टोचलं तर मातामाय कोपेल या भीतीनं बाया लेकरं घेऊन घराघरांत लपल्या, मीही दारात घुटमळले. सासूबाईंनी माझ्या कडेवरून पोरगी घेतली आणि सरळ पारावर त्या माणसासमोर जाऊन बसल्या. सगळ्यांच्या आधी. पोरीचा दंड त्यांनी स्वतः धरला. ती किंचाळली, तरी हात सोडला नाही.

दोन दिवस पोरीला ताप होता. त्या दोन्ही दिवस सासूबाई तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसून राहिल्या. जेवायला वाढलं तर माझ्या हातून चार घास घेत, आणि पुन्हा तिच्या कपाळावर हात ठेवत. त्यांचे ओठ हलत होते, चांद्याला जाताना गाडीत हलले होते तसे. मी चुलीपाशीच बसून होते, जवळ गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला, पोरीनं दूध मागितलं, आणि सासूबाई तिला माझ्याकडे देऊन विहिरीवर पाणी आणायला गेल्या.